पहिले तीन महिने पेन्सिलीने

माझ्या पिशवीत एक पेन्सिल असते. तिला टोक काढलेलं असतं आणि सोबत खोडरबर असतो. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पिशवीत हे पाहिलं की बसमध्ये शेजारी बसलेली कुणीतरी विचारतेच, नातवाचं का? मी हो म्हणून टाकते. सगळ्यांना सगळं सांगायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

मध्य प्रदेशात, सौसर तालुक्यात, रामाकोन्याहून आत गेलं की आमचं मराठी बोलणारं गाव लागतं. वीस वर्षांहून जास्त काळ मी तिथे अंगणवाडी चालवते. माझ्या आधी ज्या बाई होत्या त्यांनी निरोप घेताना मला वजनकाटा दिला, कपाटाची किल्ली दिली, रजिस्टरांचा ढीग दिला आणि दारातून परत फिरून म्हणाल्या, "गरोदर बाईचं नाव पहिले तीन महिने पेन्सिलनं लिवजो. तीन भरले की मंग पेनानं. मधात काही झालं तं रबर मारजो अन् तोंडाले कुलूप लावजो."

हा नियम भोपाळहून आलेला नव्हता. आमच्याकडे बाई दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगत नाही. नवऱ्याला माहीत असतं, आईला असतं आणि अंगणवाडीच्या बाईला. सासूच्या लक्षात आलेलं असतं, पण सासूही लक्षात आल्याचं दाखवत नाही. पाण्यानं भरलेला पितळी गुंड सुनेच्या हातून काढून घेते आणि म्हणते, तू भाकरी टाक, पाणी मी आणते. एवढंच. कुणी याला नजर लागण्याची भीती म्हणो. मी याला शहाणपण म्हणते. कारण सगळीच पोटं टिकत नाहीत. नाही टिकलं तर ती बाई दोन-तीन दिवस पोट दुखतं म्हणून पडते, चौथ्या दिवशी न्हाऊन कापूस वेचायला जाते, आणि तिच्याकडे कुणी वेगळ्या नजरेनं पाहत नाही. माझ्या जुन्या रजिस्टरांत काही ओळींवर कागद घासून पातळ झालेला आहे. तिथे कुणाचं नाव होतं ते मला आठवतं, दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.

मग फोन आला. सरकारी फोन, त्यात अ‍ॅप. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. रजिस्टरांचा ढीग कमी झाला. कुठे कुठे मेलेल्यांच्या नावानं आणि सासरी गेलेल्या पोरींच्या नावानं आहाराची पाकिटं उचलली जायची, ते आम्हा सगळ्याजणींना माहीत होतं. अ‍ॅपनं ते बंद केलं. बरं केलं. मोजणीशी माझं भांडण तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

भांडण पुढे सुरू झालं. पाकीट द्यायचं तर बाईचा चेहरा फोनला दाखवायचा, असा हुकूम निघाला. आधारच्या फोटोशी चेहरा जुळला पाहिजे, आणि समोर जिवंत माणूस आहे हे कळावं म्हणून पापण्या मिटून उघडल्या पाहिजेत. आमच्या खोलीत उजेड कमी आणि नेटवर्क त्याहून कमी. म्हणून बाईला बाहेर ओट्यावर उभं करायचं, डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लावायचं, आणि मी पुढे फोन धरून म्हणायचं, मिट, उघड, परत मिट. समोर रस्त्यापलीकडे पानठेला. तिथे बसणाऱ्यांना आठवड्याभरात समजलं की ओट्यावर जिच्या पापण्या चालल्या ती एकतर पोटुशी आहे नाहीतर ओली बाळंतीण. बाळंतीण तर दिसतेच, राहिली कोण?

एकदा तिथला एक म्हातारा मला म्हणाला, "आज दोन झाल्या वाट्टे, बाई."

"तुमची म्हैस धरून तीन," मी म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, त्याचं मला काही वाटलं नाही.

पण जे खरं वाईट झालं ते माझ्याच हातून झालं.

गावाबाहेर संत्र्याचा बगीचा असलेलं एक घर आहे. त्या घरची सून. नवरा बोरगावला कारखान्यात जातो, घरी सासू, सासरे आणि ही. तिचं एक पोट आधी टिकलं नव्हतं. ते नाव मी रबरानं पुसलं होतं, आणि सासरच्या घरात नवऱ्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास ती परत माझ्याकडे आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि मी ओळखलं.

मी पेन्सिल घ्यायला पाहिजे होती. पण नेमका त्याच हप्त्यात आमच्या सुपरवायझर मॅडमनी धोशा लावला होता की दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी नोंद पाहिजे, माझ्या केंद्राचा रकाना लाल दिसतो, वर उत्तर त्यांना द्यावं लागतं. मी घाबरले. इतक्या वर्षांच्या नोकरीत लाल रकान्याला घाबरले. मी तिचं नाव फोनमध्ये टाकलं.

नोंद पक्की करायला ओटीपी लागतो. तो जातो आधारला जोडलेल्या नंबरावर. लग्नानंतर तिचं आधार बदलायला सासरेच तिला सौसरला घेऊन गेले होते, त्यांनी आपलाच नंबर दिला होता. आमच्या गावात निम्म्या सुनांचं असंच आहे. मी सासऱ्यांना फोन लावला. ते बगीच्यात होते, संत्र्यांचा तोडा चालू होता.

"भाऊ, तुमच्या फोनवर आकडे आले असतील, वाचून सांगा."

"कायचे आकडे जी?"

"राशनचे," मी म्हटलं.

त्यांनी एकेक आकडा वाचला. नोंद झाली, रकाना हिरवा झाला. मला बरं वाटलं, हेसुद्धा लिहायला पाहिजे.

मला काय माहीत की पाठोपाठ दुसरा मेसेज जातो म्हणून. तो अभिनंदनाचा होता, हिंदीत, सुनेच्या नावासकट. सासऱ्यांना आकडे वाचता येतात, अक्षरं चष्म्याशिवाय नाहीत. राशनचं काहीतरी राहिलं असेल म्हणून त्यांनी फोन व्यापाऱ्याच्या माणसाला दिला, आणि त्यानं संत्र्यांचे कॅरेट भरणाऱ्या सगळ्या मजुरांसमोर तो मोठ्यानं वाचून दाखवला.

सासरे वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना इतका आनंद झाला की हातातली कात्री तिथेच टाकून ते घरी आले. शनिवारी जामसांवलीला जाऊन त्यांनी हनुमानापुढे नारळ फोडला आणि घरोघरी प्रसाद वाटला. माझ्याही घरी आला. तो मला गिळवला नाही.

ती पाकीट घ्यायला आली तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, म्या तं कोनालेच सांगतलं नोतं."

मी पाकीट दिलं.

पुढच्याच महिन्यात ते पोट गेलं.

मागच्या वेळी ती चौथ्या दिवशी कापसात होती. या वेळी नऊ दिवस ती दाराआड बसली, कारण गाव भेटायला येत होतं. येणारी प्रत्येक बाई चांगल्या मनानंच येत होती आणि जाताना एकेक काडी टाकून जात होती. कॅरेटं उचलली असतील. उपास केला असेल. इतक्या लवकर नारळ कशाला फोडायचा. कुणीतरी सासूच्या कानात सांगितलं की आधीचंही एक गेलं होतं म्हणतात. ते कुठून फुटलं मला माहीत नाही. माझ्या रजिस्टरातून नाही. पण एकदा दार उघडं पडलं की मागची खोलीही दिसते.

मी फोनमधून तिचं नाव काढायला गेले. ते निघत नाही. कारण निवडावं लागतं. चार कारणांची यादी येते, त्यातून गर्भपात निवडावं लागतं, मग ते विचारतं, नक्की का. नक्की म्हटल्यावर ते तिच्या नावापुढे कायमचं लागतं. कुठल्या कार्यालयात कोण ते वाचतं देव जाणे. माझा रबर दोन रुपयांचा असेल, पण तो हे काम नीट करायचा.

आणि तरी ते संपलं नाही. नोंद बंद केल्यावरसुद्धा दुसरीकडे कुठेतरी तिचं नाव चालूच राहिलं. उन्हाळा लागताना सासरे एका सकाळी केंद्रावर आले. मुलं पोहे खात होती. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, गोड हिंदीत सांगत होता की आता पाचवा महिना लागला, बाळ हालचाल करू लागेल, लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

"बाई, हे बंद करून द्या," ते म्हणाले. "बगीच्यात वाजते, घरात वाजते. त्या दिशी सुनेनं उचलला. आयकत उभीच राह्यली, गुंड भरून वाहून राह्यला होता."

मी तो नंबर ब्लॉक करून दिला. पुढच्या हप्त्यात दुसऱ्या नंबरावरून आला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ते वरून होतं, आपल्या हातात नाही. वरून, वरून. पावसासारखं बोलतात, जणू ते कुणी माणसानं ठरवलेलंच नाही.

सासरे फोन घेऊन केंद्रावर आले त्याच दिवशी मी त्यांना खरं सांगितलं होतं, की ते आकडे राशनचे नव्हते. त्यांनी फोन खिशात टाकला. "म्या माह्याच तोंडानं गावाले सांगतलं," ते म्हणाले. "मले मालूमच नसतं तं पोरगी सुखानं रडली असती." एवढं बोलून ते गेले, आणि मी दुपारी घरी येऊन पोट दुखेपर्यंत रडले. रडून झाल्यावर मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

पोळ्यानंतर ती परत आली. मुलं घरी गेलेली, मी भांडी मोजत होते. ती उंबऱ्यातच थांबली.

"बाई, यावेळी पेन्सिलनं लिवा," ती म्हणाली. "नायतं मी येत नाई."

दुकानातून मी नवी पेन्सिल आणली, जुनं रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर तिचं नाव लिहिलं. फोन पिशवीतच राहिला. सौसरच्या बाजाराच्या दिवशी मी तिला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, बाजाराला जाणाऱ्या दोघींना कोण विचारतं? गोळ्या मी केंद्रातल्याच दिल्या. त्या सरकारच्या होत्या आणि तिच्यासारख्यांसाठीच होत्या, त्यात मी चोरी केली असं मला वाटत नाही.

पण गोळ्यांनीच मला पकडून दिलं. मॅडम साठा तपासायला आल्या. फोनमध्ये नावं पाच, पट्ट्या गेल्या सहा जणींच्या. मॅडम पांढुर्ण्याच्या, घरी मराठी बोलतात, पण काम लागलं की हिंदीत शिरतात.

"सहावी कोण?"

"आहे एक."

"नाम बताइए."

"नाव तिचं आहे मॅडम, माझं नाही. तिचे तीन महिने भरले की ती सांगेल."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "हे बघा, ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कशाची?"

"तुमच्या घरी न्हाणीला दार आहे?" मी विचारलं. "मग ते लावता कशाला? आंघोळ काय गुन्हा आहे?"

केंद्रातली माझी मदतनीस तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मॅडम हसल्या नाहीत. आठ दिवसांत मला नोटीस आली. लाभार्थ्याची माहिती दडवली, निर्देशांचं उल्लंघन केलं, सेवा समाप्त का करू नये याचं उत्तर द्या.

घरात मुलगा म्हणाला, "आई, टाकून दे नं नाव, एका नावानं काय होते?" एका नावानं काय होतं ते मी पाहिलं होतं. नोकरी गेली असती तर माझं वाईटच झालं असतं, मी काही शूर वगैरे नाही. पण एकदा घाबरून मी एका मुलीला उघड्यावर आणलं होतं. दुसऱ्यांदा आणलं असतं तर मला गावात तोंड काळं करून फिरावं लागलं नसतं, कुणाला कळलंही नसतं, आणि तेच मला सहन झालं नसतं.

मी दोन पानी उत्तर लिहिलं. लिहिलं की माझ्या केंद्रात गरोदर बाया सहा आहेत, सहाच मोजा. गोळ्या सहा जणींच्या द्या. आकडा सरकारचा, तो मी लपवला नाही. नाव आणि चेहरा बाईचा, तो ती म्हणेल तेव्हा देईन. ज्या बाईचा स्वतःचा फोन नाही तिची खबर दुसऱ्याच्या खिशात टाकू नका. आणि हेही लिहिलं की त्या अभिनंदनाच्या मेसेजनंतर गावातल्या दोघीजणी माझ्याकडे पाचव्या महिन्यात आल्या, तोवर दोघींच्या पोटात एक गोळी गेली नव्हती. आधी माझ्याकडे बाया दुसऱ्या महिन्यात यायच्या.

सौसरला आमच्या खात्याच्या साहेबांनी बोलावलं. माणूस सभ्य होता, त्यानं बसायला सांगितलं. माझी दोन पानं त्यानं वाचली, निदान पानं उलटली.

"तुम्ही अनुभवी आहात," तो म्हणाला. "पण सगळ्याच केंद्रांवर असं सुरू झालं तर?"

"तर साहेब, बाया लवकर येतील."

"मला वर नाव द्यावं लागतं."

"मग माझं द्या," मी म्हटलं. "माझं नाव, माझा चेहरा, मी रोज केंद्रावर उभी राहून फोटो काढून पाठवते तो. सगळं आहे तुमच्यापाशी. कारण लिहा की हिनं सांगितलं नाही."

त्यानं कपाळ चोळलं आणि मला जायला सांगितलं. दुसरी नोटीस महिन्याभरात आली, पहिल्यापेक्षा लांब. ती माझ्या घरी तांदळाच्या डब्याखाली आहे. तिचं उत्तर मी दिलेलं नाही, कारण माझ्याकडे वेगळं उत्तर नाही. पुढे काय होतं ते होईल.

मी दिवस मोजत होते. मोजत होते म्हणजे खरंच, कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंबं काढत होते. ती पाणी भरायला जाताना माझ्या दारावरून गेली की मी तिच्या चालण्याकडे बघायची, आणि ती माझ्याकडे न बघता मान हलवायची. सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. सासू पाण्याला स्वतः जायला लागली तेव्हा मी समजले की तिनंही ओळखलं आहे आणि तीही गप्प आहे. पूर्वी असंच असायचं.

तीन महिने भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. सोबत सासरे होते. मला वाटलं, परत त्यांनाच आधी कळलं. पण ते ओट्याखालीच थांबले, खिशातून एक नवा साधा फोन काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला.

"काल रात्री जेवताना सांगतलं तिनं," ते मला म्हणाले. "तिनंच सांगतलं. आधारले हा नंबर मांगच सौसरले जाऊन टाकून आलो आमी. काय यायचं थे तिच्याच फोनवर येऊ द्या. मले सांगावं वाटलं तिले तं सांगन ते. नारळ मी पोरगं हातात आल्यावर फोडीन."

मी आत गेले आणि रजिस्टर आणलं. ते पान उघडून पेन हातात घेतला, तर तिनं माझ्या हातातून तो काढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेली मुलगी. रजिस्टर मांडीवर ठेवून, जीभ दातात धरून, तिनं आपल्या नावाच्या पेन्सिलीच्या प्रत्येक अक्षरावरून पेन फिरवला. काना राहिला होता, तो परत येऊन काढला. मी शेजारी उभी राहून पाहत होते.

"आता करा बाई फोनमधी," ती म्हणाली.

मी आतच उजेड कुठे पडतो का ते बघायला लागले. ती थांबली नाही. ओट्यावर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर तिनं आपल्या हातानं मागे घेतला, आणि माझ्या फोनकडे तोंड करून पापण्या मिटल्या. पानठेल्यावरचे सगळे बघत होते. तिनं बघू दिलं.